फॉर्मालिनच्या बरणीतला मासा आणि बारकोडचा गैरसमज

तापी-गिरणेवरचे मासे गोळा करणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की बसली आहे: मासा फॉर्मालिनच्या बरणीत टाकून ठेवा, केव्हाही डीएनए तपासा, नाव हमखास मिळतं. यातलं काहीच धड खरं नाही.

फॉर्मालिन शरीराचा आकार टिकवतं, पण डीएनएचे तुकडे पाडतं आणि त्याला प्रथिनांशी जखडून टाकतं. बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्यासाठी, सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा (डीएनएच्या घटकांचा) सलग तुकडा लागतो. असल्या नमुन्यातून तो सहसा निघतच नाही. म्हणून आधी उजव्या बाजूच्या पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापा (डावी बाजू फोटोसाठी शाबूत राहू द्या), 95 टक्के इथेनॉलमध्ये बुडवा. इथेनॉल तुकड्याच्या किमान दहापट हवं, आणि दुसऱ्या दिवशी बदलायचं, कारण मांसातलं पाणी उतरून ते पातळ होतं. दर माशाला कात्री पुसून घ्या, नाहीतर शिंगटीच्या नळीत मरळ सापडते! चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. उरलेला मासा मग खुशाल फॉर्मालिनमध्ये ठेवा. नाव पडताळायला तो लागतोच.

कारण डीएनए वाचणारं यंत्र नाव सांगत नाही, फक्त अक्षरं देतं. नाव येतं बारकोडच्या संग्रहातल्या जुन्या नोंदीशी जुळवून, आणि तिथेच कुणी चुकीचं नाव चिकटवलेलं असेल तर तीच चूक तुमच्या माशालाही चिकटते. अक्षरांत दोन टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वेगळी जात, हाही ठोकताळाच. शिवाय सीओआय फक्त आईकडून येतं: रोहू-कटल्याचा संकर असेल, तर बाप कोण ते बारकोडला कळणारच नाही.