जावा प्रोग्रॅमच्या तपासणीसाठी क्वेरी लिहिणे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लातूरच्या डाळ मिलांपासून जालन्याच्या बियाणे व्यापाऱ्यांपर्यंत आमच्या अनेक ग्राहकांकडे जावामध्ये लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम आहेत आणि त्यांची देखभाल आता त्यांचेच कर्मचारी करतात. अशा कर्मचाऱ्यांना छत्रपती संभाजीनगर येथील आमच्या कार्यालयात कोडक्यूएल ही क्वेरी भाषा, म्हणजे प्रोग्रॅमच्या कोडला प्रश्न (क्वेरी) विचारण्याची भाषा, शिकवली जाते.

ही भाषा मूळची सेमल या कंपनीची असून २०१९ मध्ये गिटहब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने ती कंपनी विकत घेतली. सामान्यतः प्रोग्रॅम कम्पाइल होत (यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलत) असताना त्यातील क्लास (एका प्रकारच्या वस्तूंचा आराखडा), मेथड (त्यांनी करायची कामे) आणि त्यांचे परस्परसंबंध एका डेटाबेसमध्ये नोंदवले जातात व क्वेरी त्यावर चालते. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा येणाऱ्यांना रचना ओळखीची वाटेल, मात्र येथे आधी फ्रॉम (कशात शोधायचे), मग व्हेअर (अटी) आणि शेवटी सिलेक्ट (काय दाखवायचे) येते.

पतसंस्थेच्या प्रोग्रॅममध्ये ‘खातेदार’ हा क्लास आहे असे धरू. दोन ऑब्जेक्ट (क्लासवरून बनलेल्या नोंदी) एकाच खातेदाराचे आहेत का, हे ठरवणारी इक्वल्स मेथड त्यात लिहिली पण हॅशकोड (ऑब्जेक्टसाठी एक अंक काढणारी मेथड) लिहायची राहिली, तर समान ऑब्जेक्टांचा हॅशकोड समान असावा हा जावाचा नियम मोडतो आणि हॅशसेटमध्ये (एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या संचात) तोच खातेदार दोनदा शिरू शकतो. प्रोग्रॅम मात्र बिनतक्रार चालत राहतो. म्हणून ‘ज्यात इक्वल्स आहे पण हॅशकोड नाही, असे क्लास कोणते?’ हा प्रश्न आधी मराठीत कागदावर लिहावा. त्यातला ‘क्लास’ फ्रॉममध्ये जातो आणि दोन्ही अटी व्हेअरमध्ये.

पहिल्या क्वेरीची उत्तरे जशीच्या तशी मान्य करू नयेत, असा आमचा आग्रह असतो. हॅशकोड एखाद्या वरच्या क्लासकडून वारशाने आलेला असू शकतो, आणि तो वरचा क्लास चार पायऱ्या दूरही असू शकतो. अशा वेळी वरचा क्लास शोधणाऱ्या संबंधापुढे अधिकचे चिन्ह दिले की एक किंवा त्याहून अधिक पायऱ्यांवरचे सर्व पूर्वज मिळतात. त्यांतून जावाचा मूळ ऑब्जेक्ट क्लास वगळावा लागतो, कारण हॅशकोड त्याच्याकडे असतोच. शिवाय इक्वल्सचा पॅरामीटर (मेथडला दिली जाणारी माहिती) ऑब्जेक्ट या प्रकाराचा आहे का, हेही पाहावे. तो ‘खातेदार’ प्रकाराचा असेल तर ती मूळ मेथडची जागा घेत नाही, नाव तेवढे तेच राहते. नुसत्या शब्दशोधाला हा फरक कळत नाही.

जावा जाणणारे बहुधा अडखळतात ते कोडक्यूएलच्या स्वतःच्या क्लासपाशी. हा क्लास ऑब्जेक्ट तयार करत नाही. दिलेल्या अटीत बसणाऱ्या घटकांचा तो संच असतो, त्यामुळे एकच मेथड एकाच वेळी अनेक क्लासांत मोडू शकते.

मुक्त स्रोत कोडसाठी हे साधन विनामूल्य आहे, परंतु खासगी कोडवर चालवण्यासाठी गिटहबचा सशुल्क परवाना लागतो. त्यामुळे आमच्याकडील सराव मुक्त स्रोत प्रकल्पांवरच होतो. येताना व्हीएस कोड हा कोड लिहिण्याचा प्रोग्रॅम बसवलेला लॅपटॉप आणि आपल्या प्रोग्रॅमबद्दलचे दोन-तीन प्रश्न मराठीत लिहून आणावेत. स्वतःचा कोड आणू नये.