सगळ्यालाच ईस्टर एग म्हणू नका

रीलचा साचा आता पाठ झालाय. लाल गोल, थरथरणारा बाण, मागे ढणढणाट आणि वर मोठ्या अक्षरात ‘हे ईस्टर एग ९९ टक्के लोकांना माहीत नाही’. परवाच्या रीलमध्ये दाखवलं काय, तर जीटीए फाइव्ह या व्हिडिओ गेममध्ये गाडी लांबवर पळवून बंद केली की इंजिन टिकटिक करतं. अरे बाबांनो, तापलेलं लोखंड थंड होताना आवाज करणारच. मे महिन्याच्या दुपारी परभणीहून नांदेडपर्यंत बाइक दामटत या, लिंबाखाली लावा आणि हेल्मेट काढून कान द्या. हाच आवाज येईल. तुमच्या बाइकमध्ये कंपनीनं ईस्टर एग लपवलंय का?

हा बारकावा झाला, म्हणजे खऱ्या जगासारखा वागणारा छोटासा तपशील. ईस्टर एग वेगळं, ती गेम बनवणाऱ्यानं खेळणाऱ्यासाठी मुद्दाम लपवून ठेवलेली गंमत. आणि दोन्हींत फरक आहे म्हटलं की खाली कमेंट येते, ‘भाऊ, एकच आहे ना’. एकच नाहीये.

ईस्टर एग म्हणजे काय हे तुम्हाला याहून जास्त सांगायला नको. तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत जीटीएचाच जुना भाग, व्हाइस सिटी, खेळलेल्यांना तर नाहीच नाही. पॅन्झर टाइप करून रणगाडा उतरवायचा, पोलिसांना पिदाडायचं, मग कुणीतरी मोठा पोरगा खुर्ची ओढून बसायचा आणि हेलिकॉप्टरनं उंच छतावर उतरून व्हीसीएन नावाच्या इमारतीच्या त्या ठरावीक खिडकीत उडी टाकून दाखवायचा. आत चॉकलेटचं अंडं, त्यावर ‘हॅपी ईस्टर’. झालं. याचा नामांकित पूर्वज १९८० चा, अटारीच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’मधला. कंपनी प्रोग्रामरचं नाव गेमवर टाकत नव्हती, म्हणून वॉरन रॉबिनेटनं एक गुप्त खोली करून तिथं स्वतःचं नाव लिहून ठेवलं. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ.

काँट्राच्या कॅसेटवर वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए दाबून ३० जीव मिळवायचे, तो चीट कोड. मारिओ भिंतीतून घुसून मायनस वर्ल्डमध्ये अडकतो, तो ग्लिच, म्हणजे चूक. आणि मारिओतले ढग आणि झुडपं ही रंग बदलून वापरलेली एकच आकृती आहे, ती मेमरीची काटकसर. या तिन्हींना ईस्टर एग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडून दिलंय.

खरा घोळ होतो तो ‘लपलेलं’ या एका गोष्टीपायी. मला उशिरा दिसलं म्हणजे कुणीतरी लपवलं होतं, आणि लपवलं होतं म्हणजे ईस्टर एग, असा हिशोब लोक लावतात. पण लक्ष न जाणं आणि लपवून ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ईस्टर एगमध्ये गेम बनवणारा माणूस गोष्ट बाजूला सारून थेट तुमच्याकडे, खेळणाऱ्याकडे बघतो. त्या खोलीत अंडं का आहे, हे व्हाइस सिटीच्या नायकाला, टॉमी व्हर्सेटीला विचारून उपयोग नाही. ते त्याच्यासाठी ठेवलेलंच नाही. जीटीएच्याच सॅन अँड्रियासमध्ये तर मोठ्या पुलाच्या पार टोकावर चढलात की पाटी दिसते: इथे वर ईस्टर एग वगैरे काही नाही, चालते व्हा. त्या गेमच्या नायकाच्या, सीजेच्या जगात अशी पाटी कोण लावेल? ती तुमच्या-माझ्यासाठीच आहे.

बारकाव्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही बघा, नका बघू, तो आपला चालू असतो.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दोन्ही प्रकार एकाच छताखाली सापडतात. एका खांबावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. कोणत्याही धडाला लावा, बसतं. गाईड तिथं थांबवल्याशिवाय पुढे नेत नाही, कारण ते बघणाऱ्याला चकवायलाच केलेलं आहे. त्याच लेण्याच्या छतावर परदेशी मंडळींचं चित्र आहे. डोक्यावर टोप्या, पायांत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. ते मोजे कुणाला चकवायला काढलेले नाहीत. तसली माणसं तसले मोजे घालत, म्हणून चित्रकारानं काढले.

त्यामुळे मी एकच प्रश्न विचारतो: हे इथं का आहे, याचं उत्तर गेमच्या आत मिळतं का? जीटीए फाइव्हमध्ये पात्राच्या पायात स्लीपर घातली की पावलागणिक चटक् चटक् वाजते, बूट घातले की थांबते. का? स्लीपर वाजतेच. उत्तर आत मिळालं, बारकावा. २००१ च्या मेटल गिअर सॉलिड २ मध्ये जहाजावरच्या बारमधली बर्फाची बादली उडवली की खडे फरशीवर विखुरतात आणि वितळत जातात. त्यावर कोणतंही मिशन अडलेलं नाही, कुणी शाबासकी देत नाही. बर्फ आहे, वितळणार.

आता कुणी म्हणेल, सोपं आहे मग; ईस्टर एग एकाच जागी असतं आणि बारकावा सगळीकडे. बहुतेक वेळा खरं आहे, पण या नियमावर फार विसंबू नका. मेटल गिअर सॉलिड ३ मधला ‘द एंड’ घ्या. शंभरी ओलांडलेला म्हातारा स्नायपर, लढता लढता झोप लागते त्याला. लढाई अर्धवट सेव्ह करून आठवडाभर गेम उघडलाच नाही, तर परत आल्यावर कळतं की म्हातारा वयोमानानं गेला. हे एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या बाबतीत घडतं, आणि घड्याळाची तारीख पुढे ढकलूनही घडवता येतं. म्हणून बरेच जण त्याला ईस्टर एगमध्ये जमा करतात. मला ते पटत नाही. इतका थकलेला माणूस आठवडाभर जंगलात तुमची वाट बघत बसला तर दुसरं काय होणार? कारण त्या माणसातच आहे. माझ्या मते गेममध्ये आजवर झालेल्या बारकाव्यांत हा पहिल्या पाचांत बसतो.

रेड डेड रिडेम्प्शन २ ची तर लोकांनी वाट लावली आहे. नाव काढलं की थंडीत घोड्याचे वृषण आकसतात, एवढंच सांगतात. हसून झालं असेल तर शिकार करून टाकून दिलेल्या हरणाकडे काही दिवसांनी परत जाऊन बघा, ते कुजत चाललेलं असतं. त्याच गेममध्ये एका झोपडीवर मध्यरात्रीनंतर उडती तबकडी येते. ते ईस्टर एग, आणि व्हिडिओ त्याचेच जास्त. तबकडी एकदा बघितली की संपली. कुजणारं हरिण मात्र पुढच्या प्रत्येक शिकारीच्या वेळी डोक्यात राहतं. मला कुणी निवडायला सांगितलं तर मी डोळे झाकून हरिण घेईन.

बारकाव्याला भारी ग्राफिक्स लागतात, हाही एक गैरसमज. लातूरला क्लासला आलेली लेकरं रूमवर साध्या फोनमध्ये, ग्राफिक्स ‘स्मूथ’वर, म्हणजे सगळ्यात साध्यावर ठेवून बीजीएमआय हा गोळीबाराचा मोबाइल गेम खेळतात. सावल्या नाहीत, घरं मेणाची वाटावीत अशी. तरी एम४१६ बंदुकीच्या मॅगझिनमध्ये गोळ्या शिल्लक असताना रीलोड केलं तर झटकन होतं आणि पूर्ण रिकामी करून केलं तर बोल्ट ओढण्यात वेळ जातो. कोणत्याही फोनवर. पाठीवर लटकवलेला स्वयंपाकाचा पॅन मागून आलेली गोळी अडवतो, कारण लोखंड आहे. त्याचाही ‘ईस्टर एग’ म्हणून व्हिडिओ बघितलाय मी.

आणि दारं. बीजीएमआयच्या एरँगेल नकाशावर उतरता तेव्हा घरांची दारं बंद असतात. एखादं उघडं दिसलं तर कुणीतरी आत जाऊन आलंय, किंवा अजून आतच आहे. गेम हे कुठंही लिहून दाखवत नाही. जुने खेळाडू घराजवळ आले की आधी दारं बघतात, मग खिडक्या. नवा भिडू मात्र सामान उचलायच्या नादात दार सताड उघडं टाकून वर जातो आणि जिन्यात मार खातो. आत शिरलात की दार मागं लावून घेत जा.