ब्रेक व ट्रॅक्शन कंट्रोलचे इशारादिवे

मोटारीच्या ब्रेकयंत्रणेत बिघाड झाला किंवा तिची स्थिती बदलली, की चालकासमोरच्या मीटरवर उमटणारी चिन्हे. यांत मुख्य दिवे तीन. पहिला लाल ब्रेकदिवा : वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस. दुसरा एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा. तिसरा घसरत्या गाडीच्या चित्राचा, तोही पिवळा. तो ट्रॅक्शन कंट्रोल (वेग देताना चाक घसरू न देणारी यंत्रणा) आणि स्थैर्यनियंत्रण (गाडी भरकटू न देणारी यंत्रणा, ईएसपी किंवा ईएससी) या दोन्हींसाठी असतो. ही चिन्हे आयएसओ २५७५ या मानकात ठरलेली असल्यामुळे गाडी कोणत्याही कंपनीची असली तरी ती ओळखता येतात.

इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये बॉश कंपनीने मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आणले. ईएसपी १९९५ मध्ये आले. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. त्यामुळे हे दिवे आता साध्या छोट्या गाडीतही दिसतात.

किल्ली फिरवताच हे दिवे दोन-तीन सेकंद लागतात आणि विझतात. ही यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून पाहावे. दिवा लागतच नसेल, तर बिघाड लपवण्यासाठी कोणीतरी तो काढून टाकलेला असू शकतो.

लाल दिवा सर्वांत गंभीर. हँडब्रेक ओढलेला असेल तर तो लागतोच. पण हँडब्रेक सोडूनही तो तसाच राहिला, तर बहुधा ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली असते. ऑइलच्या डबीत एक तरंगता फ्लोट असतो आणि तो खाली आला की दिवा लागतो. ऑइल कमी होण्याची कारणे दोनच. ब्रेकचे पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला) पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढते. नाहीतर कुठेतरी गळती असते : चाकाजवळ, पाइपात किंवा मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइल पाइपांत ढकलणाऱ्या भागात). म्हणूनच नुसते ऑइल ओतून दिवा विझवणे ही फार घातक सवय आहे. पॅड झिजले असतील तर ते बदलायचे राहून जातात, आणि गळती असेल तर ती वाढत जाते.

ब्रेकचे सर्किट दुहेरी असते. एक बाजू गळली तरी दुसरी गाडी थांबवते, मात्र पेडल खोल जाते आणि गाडी थांबायला अंतर जास्त लागते. चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर वेग कमी करून बाजूला थांबावे. पेडल मऊ लागत असेल किंवा तळाला जात असेल, तर ते भराभर दाबत राहावे, खालचा गिअर टाकावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. त्यानंतर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नये, टोइंगची गाडी बोलवावी.

एबीएसचा दिवा एकटाच लागला असेल तर नेहमीचे ब्रेक काम करतात. फक्त ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, तर चाके जाम होऊन गाडी घसरू शकते. पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून सावकाश गॅरेज गाठता येते. पण लाल आणि एबीएस हे दोन्ही दिवे एकदम लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. तेव्हा गाडी उभीच ठेवावी.

घसरत्या गाडीचा दिवा लुकलुकत असेल तर तो बिघाड नव्हे. चाक घसरते आहे आणि यंत्रणा ते सावरते आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी ॲक्सिलरेटर सैल सोडावा. त्याच चित्राबरोबर ‘ऑफ’ हे अक्षर असेल, तर बटण दाबून यंत्रणा बंद केलेली असते. शेतरस्त्याच्या चिखलात रुतलेली गाडी काढताना ती मुद्दाम बंद करतात, कारण एरवी ती इंजिनाची ताकदच कापते. गाडी निघाली की ती पुन्हा चालू करायची. दिवा स्थिर राहिला तर मात्र दोष शोधावा लागतो. सोबत चेक इंजिनचा दिवा असेल, तर शोध इंजिनापासून सुरू करावा.

बरेच दिवे एकदम लागले की लोक घाबरतात, पण मूळ दोष बहुधा एकच असतो. एबीएस, ट्रॅक्शन आणि ईएससी या तिन्हींना प्रत्येक चाकाजवळच्या एकाच सेन्सरकडून वेग कळतो. पावसाळ्यात या सेन्सरवर चिखल बसतो, कनेक्टरमध्ये पाणी शिरते, उंदीर वायर कुरतडतात. काही गाड्यांत सेन्सरसाठीची चुंबकी कडी बेअरिंगच्या एकाच बाजूला असते; नवे बेअरिंग उलटे बसले तर दिवा विझत नाही. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर, कमजोर बॅटरी, ब्रेक पेडलवरचा खराब स्विच, ही कारणेही नेहमीचीच. स्विचची शंका असेल तर पेडल दाबून मागचे ब्रेकलाइट लागतात का, ते पाहावे.

पुढचे काम स्कॅनरचे, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राचे. इंजिनाचे कोड ‘पी’ने आणि ब्रेकचे बहुधा ‘सी’ने सुरू होतात. स्वस्त स्कॅनर अनेकदा फक्त ‘पी’ वाचतात आणि सारे ठीक असल्याचे दाखवतात. शिवाय कोड सर्किट दाखवतो, सुटा भाग नव्हे. वायर आणि कनेक्टर न तपासता सेन्सर बदलणारा मेकॅनिक ग्राहकाचे पैसे वाया घालवतो.

एक मोठा धोका मात्र यांतला कोणताच दिवा सांगत नाही. आंबोली किंवा वरंध घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला तर पॅड आणि ऑइल तापतात. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. मानकानुसार डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की पाइपात वाफ होते आणि पेडल मऊ पडते. यासाठी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी, ऑइल बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. ब्रेकचा जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ते आपोआप गार होऊ द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, त्याने ती वाकते किंवा तडकते.