ऑस्ट्रेलियन पोस्टरवर साल नसतं, मग काळ ठरवतात कशावरून?

ऑस्ट्रेलियात छापलेल्या जुन्या सिनेमा पोस्टरवर साल जवळपास नसतंच. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि शहर, बरेचदा सिडनी, तेवढंच. त्यामुळे गोळा करणाऱ्यांची सगळी मदार साइज, छपाई आणि सेन्सॉरची खूण (सिनेमा कुणी बघायचा हे सांगणारी) यांच्यावर, आणि माझ्या मते त्यात सेन्सॉरची खूणच सगळ्यात भरवशाची.

साइजचं थोडक्यात सांगतो. डेबिल, म्हणजे ते उभं अरुंद पोस्टर, दुसऱ्या महायुद्धाआधी साधारण १५ बाय ४० इंच असायचं, युद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा १० बाय ३० वर आलं, नंतर १३ बाय ३० झालं आणि ऐंशीच्या दशकात उंचीला अजून कमी झालं. छपाई साठच्या दशकापर्यंत बरीचशी लिथोची, म्हणजे दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र काढून त्यावरून छापायची. परदेशातून आलेल्या चित्रावरून ऑस्ट्रेलियातले कलाकार हाताने परत काढायचे, बहुतेकांची सही पण नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. भिंगाखाली हाताने काढलेल्या लिथोचा रंग सपाट नाहीतर खडू घासल्यासारखा दिसतो, नंतरच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे फोटोवरून केलेल्या यांत्रिक छपाईत, बारीक ठिपक्यांची जाळी दिसते.

आता सेन्सॉरच्या खुणांचं, त्या १९७१ मध्ये बदलल्या. त्याआधी सिनेमे बहुतेक बाहेरून यायचे म्हणून सेन्सॉर कस्टम्स खात्याकडे होता, आणि नको असलेलं कापायचं नाहीतर पिक्चरच अडवायचा अशी पद्धत. पोस्टरवर सर्वांसाठी, मुलांसाठी योग्य नाही, फक्त प्रौढांसाठी योग्य अशी अख्खी वाक्यं इंग्रजीत छापलेली असायची. कात्रीवरून बरीच वर्षं वाद चालला होता, पण थेटरात काय दाखवायचं याचे अधिकार राज्यांकडे, म्हणून केंद्राला एकट्याने काही बदलता येत नव्हतं. शेवटी राज्यं तयार झाली आणि नोव्हेंबर १९७१ पासून जी, एनआरसी, एम आणि आर अशी अक्षरं आली: जी म्हणजे सर्वांसाठी, एनआरसी म्हणजे मुलांसाठी शिफारस नाही, एम म्हणजे जाणत्या प्रेक्षकांसाठी आणि आर म्हणजे १८ वर्षांखालच्यांना बंदी. मला तो निर्णय बरोबरच वाटतो, मोठ्यांना बरेच पिक्चर न कापलेले बघायला मिळू लागले. आणि पोस्टरवाल्यांना त्यातून आयतं कॅलेंडर मिळालं. एनआरसी १९८४ मध्ये गेलं आणि त्याच्या जागी पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाखाली) आलं, म्हणजे एनआरसी छापलेलं पोस्टर १९७१ ते १९८४ मधलंच. एमए (१५ वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचं) १९९३ चं, आणि रंगीत चौकटीतल्या खुणा २००५ नंतरच्या.

सगळा घोळ होतो तो "ओरिजिनल" या शब्दावरून. माझ्यासमोर आत्ता एक डेबिल आहे, पिक्चर १९५० च्या दशकातला, कागद पिवळा, घड्यांवर रंग उडालेला, आणि खालच्या कोपऱ्यात स्वच्छ एनआरसी. विकणाऱ्याने ओरिजिनल म्हणूनच दिलं. तसं ते खोटं नाही, थेटरसाठीच छापलेलं आहे, आजची कॉपी नाही. पण पिक्चर परत लागला तेव्हाचं आहे, म्हणजे रीइश्यू, आणि पहिल्या रिलीजची किंमत त्याला लावणं चूकच. काही जण म्हणतात थेटरात लागलं ते सगळं ओरिजिनल, काही जण म्हणतात फक्त पहिल्या रिलीजचं तेच. मी म्हणतो शब्दावर भांडण्यापेक्षा छपाईचा काळ लिहा ना, पिक्चरचं साल वेगळं आणि पोस्टरचं वेगळं, दोन्ही लिहिलं की घेणाऱ्याची फसवणूक होत नाही.

उलटंही होतं. पोस्टर आधी छापून ठेवलेलं, खूण बदलली की वर नव्या अक्षराची चिठ्ठी चिकटवून तेच वापरायचं. अशा वेळी चिठ्ठीवरून काळ धरला तर पोस्टर आहे त्यापेक्षा नवं ठरतं. म्हणून आधी बोट फिरवून बघायचं, अक्षर कागदात छापलंय का वर चिकटवलंय, आणि चिठ्ठी असेल तर ती काढायची नाही, मागून उजेड धरला की खालचं जुनं वाक्य बरेचदा वाचता येतं.