खनिज आयन आणि कूर्चापेशींची आधारद्रव्य-निर्मिती

सांध्यांमधील कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचीक ऊतीत, रक्तवाहिन्या नसतात. तिच्यातील पेशी स्वतःच निर्माण केलेल्या आधारद्रव्यात (पेशींभोवतीच्या पदार्थात) विरळपणे रुतलेल्या असतात व मुख्यतः सांध्यातील द्रवातून झिरपत येणाऱ्या पदार्थांवर जगतात. या आधारद्रव्यात दोन रेणू प्रमुख आहेत : ताण सोसणारे दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन आणि पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रिकॅन. अ‍ॅग्रिकॅनच्या शर्करा-साखळ्यांवर ऋण विद्युत् भार दाटलेला असल्याने धन आयन (धन विद्युत् भार असलेले कण) आत ओढले जातात. रक्तद्रवात सोडियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल असते, तर कूर्चेत ते २५० ते ३५० मिलिमोलपर्यंत आढळते. पेशींना हेच खारे वातावरण मानवते, आणि ते पातळ केल्यास त्यांची निर्मिती मंदावते. त्यामुळे साध्या, रक्तद्रवाइतक्या पातळ संवर्धन-माध्यमातील (प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या द्रवातील) प्रयोगांचे निष्कर्ष जरा जपूनच घ्यावेत.

सल्फेटची गोष्ट उलट आहे. अ‍ॅग्रिकॅनच्या साखळ्यांसाठी तो कच्चा माल असला, तरी स्वतः ऋण आयन असल्याने आधारद्रव्य त्याला बाहेर लोटते, आणि पेशीला तो पटलावरील वाहक प्रथिनामार्फत आत घ्यावा लागतो. या वाहकाच्या जनुकात दोष असल्यास साखळ्यांवर सल्फेट अपुरे चढते. डायस्ट्रॉफिक डिस्प्लेझिया या आनुवंशिक विकारातील आखूड हातपाय व वाकडी पावले त्यातूनच उद्भवतात.

काही धातू अल्प प्रमाणातच लागतात, पण त्यांच्यावाचून काम अडते. शर्करा-साखळ्या जोडणाऱ्या अनेक विकरांना (एंझाइमांना) मँगॅनीज लागते. कोंबडीच्या पिलांच्या आहारात ते कमी पडल्यास पायांची हाडे आखूड व जाड होतात आणि घोट्यामागील कंडरा जागेवरून घसरते. कोलॅजेनमधील प्रोलीन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट चढवणाऱ्या विकराला लोह, तर त्याच्या तंतूंमध्ये आडबंध घालणाऱ्या विकराला तांबे आवश्यक असते.

कॅल्शियमचा परिणाम मात्र प्रसंगानुसार बदलतो. सांध्यावर भार पडताच पेशीपटलावरील मार्गिका उघडून ते क्षणभर आत शिरते व हा संकेत आधारद्रव्य-निर्मितीला चालना देतो; पेशीबाहेर ते दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास पेशी फुगतात, दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन सोडून दहाव्या प्रकारचे बनवू लागतात आणि कूर्चेची वाटचाल अस्थीकडे होते. वाढपट्टीत (वाढत्या हाडाच्या टोकाजवळील, हाड लांबवणाऱ्या कूर्चेत) हा बदल इष्टच असतो, सांध्यात नव्हे. जस्तही असेच दुधारी आहे : आधारद्रव्य तोडणारी अनेक विकरे त्याच्याविना निष्क्रिय असतात, आणि उंदरांत कूर्चापेशींमध्ये त्याचा शिरकाव वाढला की या विकरांची जनुके अधिक सक्रिय होतात. अस्थिसंधिवातात (सांध्यांची झीज होण्याच्या विकारात) अ‍ॅग्रिकॅन झिजते, तसे सोडियमही घटते. ही घट सोडियमवर आधारित चुंबकीय प्रतिमांकनात (एमआरआयमध्ये) टिपता येते.