तेलसाठ्यातले जीवाणू : मूळचे कोण, आपण नेलेले कोण?

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हाय या तेलक्षेत्रात, समुद्रतळाखालच्या चुनखडकात ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगला फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. उपसा वाढला की खडकातला दाब घसरतो, म्हणून १९८४ पासून मुंबई हायच्या साठ्यात समुद्राचं पाणी भरलं जाऊ लागलं. हा उपाय जगभर चालतो. पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं, आणि सल्फेटवर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू माणसाचा जीव घेऊ शकतो आणि पोलादी नळ्या पोखरतो. त्यामुळे खाली कोण राहतं, हा प्रश्न विहिरीवर काम करणाऱ्यांसाठीही महत्त्वाचा आहे.

तो प्रश्न मुंबई हायपेक्षा बराच जुना आहे. शिकागो विद्यापीठातले भूवैज्ञानिक एडसन बॅस्टिन यांना एक कोडं पडलं होतं : तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्यात सल्फेट जवळपास नसतं आणि हायड्रोजन सल्फाइड मात्र असतो, असं का? त्यांनी जीवाणूतज्ज्ञ फ्रँक ग्रीअर यांची मदत घेतली आणि १९२६ मध्ये त्या पाण्यात सल्फेट वापरणारे जीवाणू सापडल्याचं जाहीर केलं. शंका लगेच आली. विहीर खोदताना आत सोडतात त्या चिखलाबरोबरच ते खाली गेले नसतील कशावरून? शंका रास्त होती, आणि तिचं उत्तर देण्याचं साधन तेव्हा नव्हतं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्लॉड झोबेल यांनी १९४६ मध्ये जीवाणूंच्या मदतीने तेल काढण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं, तरी हा मूळ वाद तसाच राहिला.

अडचण पद्धतीतच होती. प्रयोगशाळेतल्या बशीत जे वाढेल तेच दिसायचं, आणि खोल खडकातले बहुतेक जीव तिथे वाढतच नाहीत. नमुन्यातून थेट डीएनए काढून १६एस आरआरएनए हे जीवाची ओळख पटवणारं जनुक वाचणं शक्य झालं, तेव्हा कुठे खरी गर्दी दिसू लागली. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल श्टेटर यांच्या गटाने १९९३ मध्ये उत्तर समुद्र आणि अलास्काच्या साठ्यांमधून १०० अंशांच्या आसपास वाढणारे आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) मिळवले; ते समुद्राच्या पाण्याबरोबर आत गेले असावेत, असं त्यांचं मत होतं. दोनच वर्षांनी पॅरिस खोऱ्यातल्या, समुद्रापासून दूर असलेल्या साठ्यातही उष्णताप्रेमी जीव सापडले. तिथे समुद्राला जबाबदार धरता येईना.

या वादात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते थर्मोटोगा या उष्णताप्रेमी जीवाणूवरचं २०१५ मधलं काम. एकमेकांपासून फार दूरच्या तेलसाठ्यांतल्या आणि समुद्रातल्या थर्मोटोगांचे जीनोम (म्हणजे सगळी जनुकं) शेजारी ठेवले, तेव्हा त्यांच्यात जनुकांची भरपूर देवाणघेवाण झाल्याचं दिसलं. म्हणजे साठा म्हणजे लाखो वर्षं कुलूपबंद असलेली पेटी, ही कल्पना टिकत नाही. त्याच वेळी काही साठे खरोखर निर्जंतुक झालेले असतात : भूगर्भात एकदा ८०–९० अंशांपर्यंत तापलेल्या साठ्यातलं तेल, तो साठा नंतर थंड झाला तरी, बहुधा जीवाणूंनी खाल्लेलं आढळत नाही. २००१ मध्ये मांडलेल्या या स्पष्टीकरणामुळे शेजारच्या दोन साठ्यांत इतका फरक का, हे समजू लागलं.

आपल्याकडे या विविधतेचा उपयोगही शोधला जातो आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ९१ ते ९६ अंशांत तग धरणारे सूक्ष्मजीव वापरून, उतरणीला लागलेल्या विहिरींतून जास्त तेल मिळवण्याची पद्धत विकसित केली आहे.

मुंबई हायमध्ये मात्र चार दशकं समुद्र आत जातो आहे. आज तिथल्या विहिरीतून पाणी काढलं, तर त्यातले मूळचे जीव आणि नंतर आलेले जीव वेगळे करणं फार कठीण जाईल. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर ज्या साठ्यांत अजून पाणी भरलेलं नाही, तिथला नमुना आधीच घेऊन उणे ८० अंशांवर जपून ठेवायला हवा. पाणी भरायला सुरुवात झाली की तसा नमुना पुन्हा मिळत नाही.