एक आलेख, शेकडो फाइली: ही विभागणी आली कुठून?

समुद्राचं तापमान महिनाअखेरीला थांबत नाही, फाइल मात्र थांबते. निरीक्षणं सलग असतात, पण त्यांचा साठा तुकड्यातुकड्यांत असतो. हे तुकडे कुठे पाडायचे, हे बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या सोयीने ठरतं. पुढे कोणी दहा वर्षांचा आलेख काढायला बसेल, हा विचार तेव्हा क्वचितच होतो. आलेख काढायच्या साधनांचा गेल्या चाळीसेक वर्षांचा इतिहास बराचसा हे जोड झाकण्याचा आहे.

सुरुवातीला तुकडे माध्यमानेच पाडले. पंचकार्डावर ८० अक्षरं मावायची. चुंबकीय टेपचं एक रीळ भरलं की दुसरं लावायचं. खगोलशास्त्रातला फिट्स हा फाइल-प्रकार १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर या दोन्हींचा ठसा आहे. त्याच्या शीर्षभागाची प्रत्येक ओळ आजही ८० अक्षरांची असते आणि फाइल २८८० बाइटांच्या ठोकळ्यांनी बनते. २८८० बाइट म्हणजे २३,०४० बिट. तेव्हाच्या यंत्रांचा ‘शब्द’, म्हणजे एका वेळी हाताळायचा बिटांचा गट, ३२, ३६, ४८ किंवा ६० अशा वेगवेगळ्या बिटांचा असे, आणि या सगळ्यांनी २३,०४० ला निःशेष भाग जातो. टेपा गेल्या, आकडा राहिला.

डिस्क आल्यावर मर्यादेचं रूप बदललं. हवामानशास्त्रात रुळलेल्या नेटसीडीएफ या फाइल-प्रकाराच्या जुन्या रूपात फाइल दोन जीबीच्या पुढे नेणं अवघड होतं, कारण आतले पत्ते ३२ बिटांचे होते. ही अडचण २००४ च्या ३.६ आवृत्तीत सुटली. पण तोवर वर्षाला एक किंवा महिन्याला एक फाइल ही सवय पक्की झाली होती. शिवाय महासंगणकावर एका कामाला ठरावीक तासच मिळतात. हवामानाचं गणिती मॉडेल थांबतं, पुन्हा सुरू होतं आणि नवी फाइल उघडतं.

१९८६ मध्ये थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी जीएनयूप्लॉट हे आलेख काढायचं साधन आणलं. त्यात फाइलींची नावं स्वल्पविराम देत हाताने लिहायची, नाहीतर युनिक्सच्या कॅट आज्ञेने सगळ्या फाइली एकामागून एक ओतायच्या. कॅटचा मार्ग सोपा, पण फसवा. मधली एखादी फाइल गहाळ असेल, तर रेघ सरळ पुढच्या बिंदूला जाऊन मिळते आणि खंड पडलाय हे आलेखात दिसतच नाही. रेघ तुटायला हवी असेल तर मध्ये रिकामी ओळ घालावी लागते. क्रमाचा घोळ वेगळाच: नावं अक्षरानुक्रमे लागली की १ नंतर १० येतो आणि २ त्याच्याही मागे. आकड्यांच्या पुढे शून्यं लावायची पद्धत यामुळेच पडली. एकामागून एक फाइलींवर आपोआप फिरणारं लूप जीएनयूप्लॉटच्या प्लॉट आज्ञेत आलं ते २०१० च्या ४.४ आवृत्तीत.

हवामानवाल्यांना एवढं थांबणं परवडणारं नव्हतं. ब्रायन डोटी यांच्या ग्रॅड्स या हवामानाचे आलेख-नकाशे काढायच्या साधनात एक छोटी वर्णन-फाइल असते. तिच्यात डेटा-फाइलीचं नाव साच्यासारखं द्यायचं: इथे वर्ष, इथे महिना. वापरणारा फक्त तारीख मागतो, फाइल कोणती उघडायची ते ग्रॅड्स बघतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत साधी आणि नेमकी कल्पना. कणभौतिकीसाठी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत तयार झालेल्या रूट या साधनात अनेक फाइलींची साखळी करून ती एकच तक्ता असल्यासारखी वाचता येते.

जोड फक्त नावात नसतात. नेटसीडीएफमध्ये वेळ बहुधा ‘अमुक तारखेपासून इतके दिवस’ अशी असते. दर वर्षीच्या फाइलीने ती तारीख त्याच वर्षाची १ जानेवारी धरली आणि नुसते आकडे काढले, तर सगळी वर्षं एकावर एक चढतात आणि ३६४ वरून ० वर परत येणाऱ्या आडव्या रेघा उमटतात. त्यात काही मॉडेलांचं वर्ष ३६० दिवसांचं, काहींना लीप वर्षच नाही.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत आलेख काढायला जॉन हंटर यांचं मॅटप्लॉटलिब २००३ पासून आहे, पण फाइली जोडणं हे त्याचं कामच नव्हे. ते काम स्टीफन होयर यांच्या एक्सअ‍ॅरेने उचललं. २०१४ मध्ये ते एक्सरे नावाने आलं, २०१६ मध्ये नाव बदललं. फाइलींच्या नावांचा नमुना दिला की ते वेळेचे अक्ष वाचतं, क्रम लावतं आणि डास्क या पायथॉनच्याच दुसऱ्या साधनाच्या मदतीने लागेल तेवढाच डेटा मेमरीत आणतं. जागा वाचवायला दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकांत दाबलेल्या असतात, आणि त्या उलगडायचे गुणक-बेरीज दर फाइलीत वेगळे असू शकतात. कच्चे पूर्णांक जसेच्या तसे जोडले, तर महिना बदलताच आलेखात पायरी दिसते. एक्सअ‍ॅरे प्रत्येक फाइल तिच्या गुणकाने आधी उलगडतं, मग जोडतं.

आता झारसारखे साठवणीचे प्रकार एकच डेटासंच मुद्दाम हजारो छोट्या तुकड्यांत ठेवतात. क्लाउडमधून हवा तेवढाच तुकडा उचलता यावा, हा हेतू. म्हणजे निदान आता तुकडे पाडताना वाचणाऱ्याचा विचार होतो. पण कोणत्या वाचणाऱ्याचा? तुकडे वेळेच्या दिशेने लांब असले, तर एका ठिकाणचा पन्नास वर्षांचा आलेख चटकन निघतो. एका दिवसाचा जगाचा नकाशा काढायला मात्र जवळजवळ सगळे तुकडे उघडावे लागतात. उलट ठेवलं तर अडचणही उलटते. म्हणून काही ठिकाणी तोच डेटा दोन वेगवेगळ्या रचनांत, दोनदा साठवतात.